दाब कमी दाखवला की

गाडीला इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसला, पण हवेचा दाब चढला की मूळचा कॉम्प्युटर घाबरून इंजिनाचं पेट्रोलच तोडायचा. गाडीची ताकद वाढवून देणारा ट्यूनर म्हणाला, "त्याला दाब जरा कमी दाखवू, गप्प बसेल. अगदीच अति झालं तर मात्र थांबवेल. नाहीतर तो काढून नवा स्वतंत्र कॉम्प्युटर बसवावा लागेल; तो कशालाच घाबरत नाही."

"नवाच बसवा. आपल्याला फसवाफसवी जमत नाही," गाडीमालक ताठ मानेने म्हणाले. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"काही नाही गं, ऑइल बदलतोय. आलोच!" फोन खिशात टाकत त्यांनी डोळा मिचकावला. "बघितलंत? लगेच गप्प."

ट्यूनर हात पुसत म्हणाला, "वहिनींचा फोन सकाळीच येऊन गेला, साहेब. म्हणाल्या, ऑइल बदलतोय म्हणतील, म्हणू द्या. फक्त मूळचा कॉम्प्युटर काढू नका. गाडीत एकाला तरी भीती हवी."