जमिनीवरचा नकाशा

मथुराबाईंनी चिमटीतली रांगोळी सोडली आणि पहिली भिंत उभी राहिली.

तशी ती बोटभर रुंदीची पांढरी रेघच. पण तीन वर्षांपासून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या त्या लांबलचक दालनात, पत्र्याच्या भोकांतून उतरलेल्या सकाळच्या कवडशांत, ती जमिनीवरून हळूच वर उचलल्यासारखी दिसली. वर छपराच्या लोखंडी कैच्यांना अजून रुईचे पुंजके अडकून होते. वारा आला की एखादा सुटायचा. त्याला खाली यायची काही घाई नसायची.

“सरळ ओढा, मथुराताई,” भिमाबाई म्हणाल्या. सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. दुष्काळात तलावाच्या कामावर असताना ओव्हरसियरच्या मागं हिंडून त्यांनी आखणी पाहिली होती. आधी जमिनीवर चुन्याची फक्की पडायची, मग कुदळ. फक्की पडलेलं काम कधी मागं फिरलं नव्हतं.

म्हणून काल बायांनी एकत्र काम करायला हे दालन मागितलं आणि जिनिंग चालवणाऱ्या सहकारी संघाचे चेअरमन नानासाहेब म्हणाले, “जागा पाहिजे तर उद्या नकाशा दाखवा. न्हायतर दहाला पत्रे उतरवायला माणसं येतील,” तेव्हा बायांना त्यात अवघड काही वाटलंच नाही. सगळ्या याच दालनात कापूस निवडून निवडून पांढऱ्या झालेल्या. नकाशा म्हणजे जमिनीवर काढतात तो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

फक्की तेवढी मिळाली नाही. मथुराबाईंनी आपला चातुर्मासाचा डबा आणला. आषाढीपासून रोज तेहतीस गोपद्मं काढायचा त्यांचा नेम. कार्तिकीपर्यंत पुरेल एवढी रांगोळी त्यांनी स्वतः कुटून, वस्त्रगाळ करून ठेवलेली.

“संपत आली की वो सगळी,” इरम्मा डब्यात डोकावून म्हणाली. “आता कार्तिकीपत्तोर देवाला काय काढणार?”

“मातीत बोट फिरवलं तरी गाईचं पाऊल उमटतंय.”

“मंग माझ्या जागंची रेघ जरा पल्याड घ्या. म्या न्हाय मावत एवढ्यात.”

बाया हसल्या. मथुराबाईंनी रेघ वीतभर पलीकडं नेली. वाकळा शिवायची खोली झाली, दारापुरती रेघ मोकळी सोडून. शेवया-पापडाची झाली. कोपऱ्यात चूल आणि चुलीपासून लांब, पोरांच्या झोळ्या टांगायला एक आडवी रेघ.

“पाण्याचे रांजण किती काढायचे?” भिमाबाईंनी विचारलं. विचारताना त्या सुतळीकडंच बघत होत्या. जिनिंग चालू होतं तेव्हा त्यांच्या वस्तीच्या बायांचा रांजण वेगळा, दाराबाहेर असायचा.

मथुराबाईंची चिमूट हवेत थांबली. घरी त्यांच्या हंड्याला सून शिवायची तीसुद्धा न्हाऊन. वरून एक पुंजका निघाला, कवडशातून आरपार गेला, पुन्हा दुसऱ्या कवडशात आला. त्या वाकल्या आणि त्यांनी एक वर्तुळ काढलं. चांगलं परातीएवढं.

“एकच,” त्या म्हणाल्या. “पर मोठा.”

भिमाबाईंनी सुतळी गुंडाळली. डबा रिकामा झाला होता.

दहाला नानासाहेब आले. मागं शिडी घेऊन दोन माणसं. ते सरळ आत चालत आले, दोन भिंती तुडवून, आणि दालनाच्या मधोमध थांबले. माणसांनी शिडी टेकवायला घेतली.

“अरं अरं, तिथं चूल हाय!” इरम्मा ओरडली.

माणसानं चटका बसल्यासारखी शिडी उचलली. मग खाली बघितलं आणि ओशाळला.

“काय चाललंय हे?” नानासाहेब म्हणाले. “मथुराबाई, गावाच्या मधोमध हे मढं किती दिस ठेवायचं? पत्रे इकून संघाचं काहीतरी भलं होईल. नकाशा म्हणलो होतो. कुठाय?”

मथुराबाईंनी पदर सारखा केला. त्यांचा आवाज नेहमीच इतका हळू, की ऐकणाऱ्याला जवळ यावं लागे.

“हा काय. तुमच्या पायाखाली.”

नानासाहेबांनी कागदाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. एक रेघ पाहिली, मग तिला लागून दुसरी. नजर शिवणाच्या खोलीतून शेवयांच्या खोलीत गेली, चुलीपाशी जराशी थांबली, रांजणापाशी थांबली आणि तिथून भिमाबाईंकडं वळून परत आली. कबुतरं तेवढी घुमत होती.

“आन् ही एवढी मोकळी जागा? म्या हुबा हाय ती?”

“बसायची.”

“बसायची म्हणजे? तिथं काय करणार?”

“काय न्हाय. बसणार,” मथुराबाई म्हणाल्या. “काम असू दे, नसू दे. भोंगा बंद झाल्यापासून बाया एकमेकींना दिसतच न्हाईत, नानासाहेब. बाजारात दिसल्या तर वळख पटत न्हाय.”

नानासाहेब उभेच राहिले. त्यांच्या टोपीवर एक पुंजका येऊन बसला. त्यांनी तो झटकला नाही. बाया जिथं होत्या तिथं, आपापल्या खोल्यांत थांबल्या होत्या.

“शिडी न्या बाहेर,” शेवटी ते माणसांना म्हणाले.

माणसांनी शिडी खांद्यावर घेतली आणि पुढच्यानं जवळच्या रेघेवरून पाय टाकायला उचलला.

“तिकडनं नव्हं,” नानासाहेब म्हणाले. “दारातनं.”