शाळेआधीची जागा

"पुस्तकातले राजे पुष्कळ झाले. आता आपल्या गावाचा इतिहास शोधा," इतिहासाच्या बाई दहावीच्या मुलांना म्हणाल्या, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीनेच हात वर केला. बाईंनी तिची पाठ थोपटली. "म्हाताऱ्या माणसांना विचार, शाळेच्या जागी आधी काय होतं."

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने बाईंना मोबाइलवर आजीचं बोलणं ऐकवलं. प्रश्न ऐकून आजी बराच वेळ गप्प होती. मग लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "हजर, बाई."

"गंमत केली असेल गं आजीने," बाई हसल्या.

"शेजारचे काकाही तेच म्हणाले. त्यांचं आणि आजीचं तर बोलणंच नाही."

तिने काकांचं बोलणं लावलं. त्यांच्या उत्तराआधीही तशीच शांतता होती. बाईंनी आवाज वाढवला. त्या शांततेत लांबून कुणीतरी बाईमाणूस संथपणे हजेरी घेत होतं. काकांचं नाव आलं. काका चिमुकल्या आवाजात म्हणाले, "हजर, बाई."

हजेरी थांबली नाही. पुढचं नाव त्या मुलीचं होतं.

"बोलू नकोस!" बाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला.

मुलीने ओठ घट्ट मिटलेलेच होते. मोबाइलमधून तिच्याच आवाजात उत्तर आलं, "हजर, बाई."