सरावाचं बाळ

असुन्सिओनच्या मुलींच्या सुधारगृहात निमियाला बाळं सांभाळण्याचा अभ्यासक्रम लावून दिला. सरावाला म्हणून अधीक्षक दोन्या एलादियांनी मोठ्या मनानं स्वतःचा तान्हा तोबियासच तिच्या ओटीत घातला. वर्षभर त्याचं न्हाणंमाखणं, दूध, ढेकर, आजारपण, सगळं निमियाकडे.

"पोरी, माझ्याकडे तर हा बघतसुद्धा नाही गं," गार तेरेरेचा घोट घेत बाई कौतुकानं म्हणायच्या.

निमिया हसून तोबियासचं तोंड पुसायची. तिचा स्वतःचा लेक सरकारी अनाथालयात होता, आणि तो तरी आपल्याला ओळखेल का, हे तिला विचारायचं होतं.

शेवटी लेकाला आपल्याजवळ राहू द्यावं म्हणून ती कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशांनी अधीक्षकांचं मत विचारलं.

"मुलगी गुणी आहे, साहेब," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण चोरी केलीय तिनं. असल्या हातात लहान जीव सोपवायला माझं काही मन धजत नाही."

अर्ज फेटाळला गेला.



बाहेर आल्यावर बाईंनी निमियाच्या पाठीवरून हात फिरवला. "डोळे पूस आणि बस गाडीत लवकर. सकाळपासून तोबियास उपाशी आहे, तुझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही मेला."