नाव येण्याआधीचा माणूस

“पिशवी मी उचलणार नाही,” कादर टेलर म्हणाला आणि त्याने ती दिग्दर्शिकेच्या पायाशी आपटली.

भद्रकालीच्या गल्लीत सकाळपासून शूटिंगची तयारी चालली होती. स्नेहलने हेडफोन गळ्यात उतरवला.

“काय झालं, कादरभाई?”

“काय व्हायचं राहिलंय? नाशकात थ्रिलर काढायला कोणीही येवो, पहिल्या सीनला मीच. आधी माझे पाय. मग पिशवी. मग सुरमा घातलेले डोळे. कबुतरं उडतात, ढोल वाजतो, पडदा काळा, सिनेमाचं नाव. झालं! पिशवीत काय आहे ते सांगायलाही लागत नाही. टोपी बघूनच पब्लिकला कळतं.”

खोटं नव्हतं. कादरच्या पिशव्यांत आजवर जेवढा दारूगोळा भरला गेला, तेवढ्यात ब्रह्मगिरी उडाला असता आणि गोदावरीला उगम शोधत घोटीपर्यंत जावं लागलं असतं. गल्लीतली कबुतरंही इतकी तयार झाली होती, की कादरने टोपी घातली की आपणहून उडत.

“तुमचं काम होतं, मॅडम, आणि माझी पोरगी माहेनूर रडते. शाळेत तिला बॉम्बवाल्याची म्हणतात. ज्यांचे युनिफॉर्म मी शिवतो, ती पोरं! परवा म्हणाली, अब्बू, गॅदरिंगला येऊ नका. सख्खी मुलगी!”

त्याचा आवाज इतका चढला, की लाइटवाले खाली बघू लागले.

“पिशवी उघडून तर बघा,” स्नेहल म्हणाली.

आत फुलपाखराचे पंख होते. पुठ्ठ्याचे, वर जाळीचं कापड, कडेला टिकल्या.

“सगळं नेहमीसारखंच करायचं,” ती म्हणाली. “पाय, डोळे, कबुतरं. पब्लिकला वाटू दे, हाच तो. मग पोलीस अडवतात, पिशवी उपडी करतात आणि पडतात काय, तर मुलीच्या गॅदरिंगचे पंख. इन्स्पेक्टरची मान खाली. पब्लिकचीही. तिथे नाव येतं. इतकी वर्षं जे चाललं ना, ते आपण उलटं करतोय.”

कादर पंखांकडे बघत राहिला. राग लगेच उतरला नाही; जुना होता, मुरलेला होता.

“मागाहून कापाल.”

“एक फ्रेम कापणार नाही. शब्द देते.”

“आणि या टिकल्या कोणी लावल्या? गोंदानं? शरम नाही वाटत?” असं म्हणून त्याने पंख दुकानात नेले आणि स्वतः शिवून आणले.

पुढची गोष्ट काय, हे त्याने विचारलं नाही. कधीच विचारत नसे. पडद्यावर नाव येईपर्यंतच सिनेमा त्याचा.

घरी बायकोने, गुलजारबीने, विचारलं, “पुन्हा पिशवीच ना?”

“या वेळी आत पंख होते.”

“हां. म्हणजे बॉम्ब आता उडणारा केला.”

तो उत्तरादाखल ताट सरकवून उठला. पण सिनेमा तयार झाल्यावर एडिटिंगच्या खोलीत जाऊन त्याने पहिला सीन स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. खरंच, एक फ्रेम कापली नव्हती. मग मात्र तो शाळेत गेला आणि माहेनूरच्या वर्गशिक्षिका सृष्टी मॅडम यांना म्हणाला, “अख्खा वर्ग आणा. एकही पोरगं घरी राहता कामा नये.”

माहेनूर यायला तयार नव्हती. गुलजारबीने तिला ओढतच थिएटरात आणलं.

पडद्यावर पाय दिसले. पिशवी दिसली. कबुतरं उडाली. मागून कोणीतरी म्हणालं, “घ्या, आला!” पोरं खिदळली. माहेनूरने ओढणीत तोंड लपवलं. कादरने खुर्चीचा हात घट्ट धरला.

पंख पडले.

इन्स्पेक्टरने ते उचलले, धूळ झटकली, मान खाली घालून म्हणाला, “माफ करा, चाचा.” आधी एकच टाळी वाजली, मग सगळ्यांच्या. चिडवणाऱ्या पोरांतल्या एकाने पुढे वाकून माहेनूरला पॉपकॉर्न दिला. तिने घेतला नाही, ती खुर्चीवर चढून ओरडत होती, “माझे अब्बू आहेत ते! माझे!”

मध्यंतरात कादर अनोळखी माणसांना अडवत होता. “बघितलं ना? आता म्हणा बॉम्बवाला! म्हणा ना!” लोक हसत हात मिळवत होते. सृष्टी मॅडमनी फोटो काढला.

पुढे पडद्यावर चार खून झाले. संशय बिल्डरवर गेला, डॉक्टरवर गेला, वॉचमनवर गेला. कादरला घेणं नव्हतं. माहेनूरचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

शेवटी इन्स्पेक्टर एका अंधाऱ्या दुकानात शिरला. शिलाई मशीनवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

“हा कुठून धरून आणला?” कादर मुलीच्या कानात हसला. “पाय बघ कसा मारतोय, सायकल चालवल्यासारखा. टेलर नाहीच हा. मला सांगितलं असतं तर—”

पडद्यावर इन्स्पेक्टरने पिस्तूल काढलं.

“सगळ्या शहरावर संशय घेतला मी,” तो त्या पाठीला म्हणाला. “फक्त ज्याच्यापुढे पहिल्याच दिवशी लाजेनं मान खाली घातली, त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. उठा, चाचा.”