दोन दगडांची धार

"नाना, आज उजव्या गालाचे दोन वाटे करणार हाय," मुंजाजी म्हणाला. "वरचा वाटा काळ्या मुठीच्या वस्तऱ्यानं, खालचा पिवळ्या मुठीच्यानं. तुमी फक्त सांगायचं, कोणचा हलका चालला."

दत्तरावांनी ओसरीतल्या खुर्चीतून त्याच्याकडं तिरकं बघितलं. "कामून? दाढीत बी परीक्षा काढली का?"

मुंजाजी नुसता हसला आणि साबणाचा फेस करू लागला. वालूरच्या स्टँडाजवळ त्याचं दुकान होतं. तिथं आता सगळीकडं असतं तसंच, अर्धं ब्लेड घालायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. धार लावायचे जुने वस्तरे त्यानं ठेवले होते ते एकट्या दत्तरावांसाठी. ब्लेडनं दाढी होत नाही, नुसती कातडी खरवडून निघते, अशी त्यांची कायमची तक्रार. गेल्या पोळ्यानंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून मुंजाजी दर रविवारी घरी येऊन त्यांची दाढी करी. उजवी बाजू शाबूत होती. डावा हात मांडीवर पडून असे आणि डावा गाल पार बधीर. चहा त्या कोपऱ्यातून गळे, तरी त्यांना पत्ता नसे. कुणी भेटायला आलं की ते खुर्ची अशी फिरवून घेत, की समोरच्याला उजवीच बाजू दिसावी.

परीक्षा होती ती दगडाची. मुंजाजीची लेक शिवकन्या पुण्यात नर्स होती. तिनं बापासाठी धारेचा जपानी दगड मागवून पाठवला. दिसायला साबणाच्या वडीएवढा, पण किंमत ऐकल्यावर मुंजाजीनं तो आधी पेटीत ठेवून कुलूप घातलं. घरचा दगड त्याच्या आज्याच्या वेळचा, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. लेक फोनवर विचारायची, "बाबा, फरक पडला का?" आणि मुंजाजीला खरंच सांगता येत नव्हतं. नव्या दगडावर वस्तरा आवाज न करता सरके, पातं आरशासारखं चमके. पण चमकेवरून दाढीचं काय कळणार? स्वतःच्या गालावर करून बघितली, तर हातही त्याचा आणि गालही त्याचाच. कोण कोणाला फसवतंय ते समजेना. दुकानातली माणसं 'लय भारी' म्हणून मोकळी झाली. खरं सांगणारा गाल गावात एकच होता आणि त्यातला निम्मा गेला होता.

काळ्या मुठीच्या वस्तऱ्याला जपानी दगडाची धार होती. हे त्यानं दत्तरावांना सांगितलं नाही. कानशिलापासून निम्म्या गालापर्यंत तो वस्तरा फिरवला, मग दुसरा घेऊन खाली जबड्यापर्यंत आला. दत्तराव डोळे मिटून बसले होते. झाल्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं गालावरून वरून खाली नेली, मग खालून वर.

"वरचा जरा सरसर गेला," ते म्हणाले.

मुंजाजीचा चेहरा खुलला.

"पण दाढी म्हणशील, तर दोन्हीकडं सारखीच. हात लावून बघ. फरक न्हाई."

"नीट सांगा, नाना. लेकीला कळवायचंय."

"नीटच सांगायलोय."

आता शिवकन्येला काय सांगायचं, याच विचारात त्यानं डाव्या बाजूला साबण लावला. तो गाल लोंबत असे, म्हणून चांगुणाबाई नेहमीसारख्या आतून आल्या आणि नवऱ्याच्या कानाजवळची कातडी दोन बोटांनी ताणून धरली. नव्या दगडाचं मुंजाजीनं त्यांना आल्याआल्या सांगितलं होतं. हाताला आला तो वस्तरा मुंजाजीनं चालवला. तिकडं विचारण्यासारखं काही नव्हतंच. तोंड पुसलं, ओली तुरटी दोन्ही गालांवरून फिरवली आणि सामान आवरायला लागला.

"मुंजाजी."

"जी."

"डावीकडं काय लावलंस?"

"तुरटीच हाय. नेहमीचीच."

दत्तरावांनी मान जराशी डावीकडं कलती केली. "झोंबायलंय."

कापलं की काय, म्हणून मुंजाजी घाईनं वाकला. कुठं रक्त नव्हतं. चांगुणाबाईंनी त्याला हातानं बाजूला केलं आणि कानाखाली बोट टेकवलं.

"इथं?"

"तिथं न्हाई."

बोट गालावरून पुढं सरकलं. "इथं?"

"न्हाई."

बोट ओठाच्या कोपऱ्याजवळ आलं. "इथं?"

"हां. तिथं. थोडं."

चांगुणाबाईंनी बोट तिथून काढलं नाही. मुंजाजीकडं न बघताच त्यांनी विचारलं, "नव्या दगडानं झालं का रे हे?"

मुंजाजीनं भांड्याकडं बघितलं. दोन्ही वस्तरे फेसाळ पाण्यात एकमेकांवर पडले होते. डावीकडं कोणता चालवला ते त्याला आठवेना. हो म्हटलं असतं, तर लेकीला सांगायला बरं झालं असतं.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "दगडानं कुठं असं होतंय."

दत्तरावांचं दोघांच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. उजव्या पायानं जोर देऊन त्यांनी खुर्ची फिरवली आणि उन्हाकडं डावी बाजू केली.

"तुरटी आणिक एकदा फिरव," ते म्हणाले. "जरा दाबून."