अंगठ्याखालची पट्टी

पाय लुळा पडेपर्यंत थांबा, असं तुम्हीच दोनकाला सांगितलंत. ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या समितीत, राजधानीतल्या त्या लांबलचक टेबलामागे बसून, मान वर न करता. कण्यातली गादी सरकलीय, पायाची नस दाबतेय, हे तुम्हाला फोटोत दिसत होतं. पण बाई स्वतःच्या पायांनी चालत आली होती ना! चालणाऱ्या बाईला ऑपरेशन कशाला?

आता डाव्या पायाचा पंजा उचलत नाही. म्हणून आता मंजुरी मिळाली, आणि आज ऑपरेशन.

दोनका स्ट्रेचरवर कुशीवर पडलीय. पाठ टेकली की कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत आग उसळते. तिच्या नवऱ्याने, स्पासेने, आल्याआल्या हॉस्पिटलच्या पॅसेजमधली खिडकी लावून टाकली. सगळं गाव म्हणतं तेच तोही म्हणतो, की हे दुखणं उघड्या खिडकीतून शिरलेल्या वाऱ्याचं. बुटक्या स्टुलावर वाकून तंबाखूची पानं ओवण्यात तिची कंबर गेली, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. भर उन्हाळ्यात त्याने घराच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

"काका, माणसं गुदमरतायत इथे," नर्स म्हणाली.

"गुदमरू देत. हिला वारा लागायला नको."

"अरे, मला कापायला नेतायत आणि तू खिडकीशी कसला भांडतोस?" दोनका म्हणाली.

"तू गप पड, म्हातारे."

स्ट्रेचर हललं. स्पासेने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि चाकांच्या मागे, फरशीवर, सगळी ओतली. परीक्षेला, पलटणीत, परगावी निघालेल्या माणसाच्या मागे आमच्याकडे ओततात तशी. काम पाण्यासारखं सरळ व्हावं म्हणून.

"अहो काका! कोणी घसरलं तर?" नर्स फडकं घेऊन धावत आली. पण वाकली नाही. दरवाज्याकडे बघत तशीच उभी राहिली. "पोचू दे तिला आत," ती हळूच म्हणाली. "मग पुसते."

आत दोनकाला पूर्ण भूल दिली नाही. कंबर तेवढी बधिर केली. डॉक्टर मित्रेवांनी पेन्सिलीएवढी नळी आत सारली, पडद्यावर बघत बारीक चिमट्याने नसेवर चढलेला गादीचा तुकडा ओढून काढला.

"आता कसं वाटतंय?"

दोनका रडायलाच लागली.

"दुखतंय का, बाई?"

"नाही हो. पायातली आग शोधतेय. सापडत नाही."

दुपारी डॉक्टर खोलीत आल्या. पांघरूण बाजूला केलं. "पंजा वर घ्या."

दोनकाने ओठ दाबले, कपाळावर घाम आला. पंजा तसाच.

"नस फार काळ दाबलेली होती," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं गेलंय. पंजा कदाचित उचलेल. कदाचित नाही. लवकर आला असतात तर..."

"आलो होतो," स्पासे म्हणाला.

डॉक्टर खाली बघत निघून गेल्या. स्पासेने दोनकाच्या कमरेवरची पट्टी पाहिली. तिच्यावर आपला अंगठा ठेवला. पट्टी दिसेनाशी झाली.

"एवढंच?"

"एवढंच," दोनका म्हणाली. "आणि स्पासे, ती खिडकी उघड बाबा. वाऱ्याने तुझं काय घोडं मारलंय?"

तो उठला, खिडकी सताड उघडली. मग तिच्या पायाशी बसून त्याने तिचं पाऊल मांडीवर घेतलं. तळव्याखाली हात धरून पंजा वर न्यायला लागला, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"आता तू कर."

"करतेय रे."

अंगठ्याखाली झाकलं जाईल एवढं भोक. त्यासाठी हा पाय का पडू दिलात? इथे या आणि सांगा. मला नको, तिला सांगा. ती जागी आहे.