भिंतीने ऐकलेला कोंबडा

"आजी, कोंबडा कुठे दडवलाय?" पालिकेच्या निनादने पलंगाखाली वाकून विचारलं.

वस्तीत कोंबड्या पाळायला बंदी झाल्यापासून घराघराच्या भिंती कान लावून असत. आरवणं ऐकू आलं की लगेच पालिकेला कळवत.

"आधी चहा घे, मग शोध," द्वारकाबाई म्हणाल्या.

चहा संपवून तो हसला. "कोंबडा तुम्हीच ना, आजी?"

"माझ्या माहेरचा तुरेवाला अस्साच आरवायचा. जमतं की नाही मला?"

"फारच! पण उद्यापासून भिंतींना नक्कल ओळखता येणार. मग मला इथे कोण पाठवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी मान उंच करून बांग दिली, अगदी जीव ओतून. मग दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.

दुपार झाली तरी निनादचा कप पालथाच होता.